तराजूच्या पेटीवरची हळद

हळद नखात गेली की दोन दिवस निघत नाही. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. मला ते ठाऊक असूनही त्या दिवशी सुचलं नाही, आणि त्याची भीती मी पुढची पाच वर्षं बाळगली.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते, तीही कच्ची नोकरी. वडील नव्हते. घरात आई आणि मी, आणि माझी नोकरी गेली तर दोघींनी मामाच्या दारात जायचं, एवढं साधं गणित होतं. नागपूर जाऊन भोपाळ राजधानी झाली त्याला चार महिनेही झाले नव्हते, आणि नव्या राज्याची निवडणूक आली.

मामा उभा राहिला. मामा धानाच्या बाजारात मापारी होता. लोकांचं धान तोलून देणं हा त्याचा धंदा, आणि काटा मारत नाही हे त्याचं नाव. त्याच्याविरुद्ध शहरातले एक वकील सायकलचं चिन्ह घेऊन उभे होते, आणि एक जुने मालगुजार, म्हणजे आमच्याकडचे जमीनदार, शिडी घेऊन. मालगुजारी कायद्याने गेली होती, पण जीप त्यांचीच होती आणि गावंही अजून त्यांच्याच आवाजाला उठत होती. मामाला चिन्ह मिळालं तराजू. त्या दिवशी तो आमच्या ओसरीवर येऊन नाचायचाच बाकी होता.

"पाह्य माय, देवानंच देल्लं!" तो आईला म्हणाला.

"देवानं देल्लं, पन गावोगाव फिरशीन कायनं? तुह्यापाशी का जीप आहे?"

"मी सायकलीवर फिरतो नं."

"मंग सायकलच्या पेटीत पडतीन मतं," आई म्हणाली.

मामा गावोगाव फिरला. बायकांसमोर त्याचं भाषण एकच असे. खळ्यावर रास लागली की धान मोजायच्या आधी तुम्ही तराजूची पूजा करता, हळदकुंकू वाहता, वर मूठभर धान ठेवता. तशीच माझ्या पेटीची पूजा करा. बायकांना हे पटलं. दुसरं कोणी त्यांना त्यांच्या कामातलं बोललंच नव्हतं. मामाला वाटलं, आपण लाखमोलाची गोष्ट सांगितली.

तेव्हा मत द्यायची रीत आजच्यासारखी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. पडद्याआड पेट्या ओळीने मांडलेल्या. बाईने कागद घेऊन आत जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. शिक्का नाही, काही नाही.

बायकांच्या केंद्रावर बायकाच हव्यात म्हणून शाळेतून माझं नाव गेलं. केंद्राचं काम शिकवायच्या दिवशी अधिकाऱ्यांनी सगळ्यांना विचारलं, "किसी का कोई रिश्तेदार तो खड़ा नहीं है?" ते जबलपूरकडचे, कडक आवाजाचे. मी खाली पाहिलं. मामाचं आडनाव वेगळं, कोणाला कळायचं कारण नव्हतं. हो म्हटलं तर नाव कापलं जाईल, मग शाळेच्या मोठ्या बाई विचारतील काय झालं, कच्च्या नोकरीवर शेरा बसेल. मी गप्प बसले. पहिली चूक ती.

राजेगावच्या रस्त्यावरच्या एका गावात, शाळेच्या एका खोलीत माझं केंद्र पडलं. तिथेही तेच अधिकारी, ते दारात बसले. पुरुषाने पडद्याआड जायचं नाही, म्हणून आत जाऊन पेट्या पाहण्याचं काम माझं. त्यांनी बजावून सांगितलं होतं की कागद पेटीबाहेर सापडला तर तो त्यांच्या हाती द्यायचा, तो रद्द. मी मान डोलावली होती.

मालगुजारांकडून प्रतिनिधी म्हणून त्यांची विधवा बहीण बसली होती. अख्खा गाव तिला आत्याबाई म्हणे. जाड, गोरी, मांडीवर पानाचा डबा. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सासर-माहेरासकट ओळखत होती, आणि तिच्यासमोरून जाताना बायका पदर पुढे ओढत होत्या. मामाकडून कोणीच बसलं नव्हतं. त्याला इतक्या बायका मिळाल्याच नाहीत.

सकाळी पहिली वीस-पंचवीस बायकांची रांग गेली. मग आत्याबाई स्वतः मत द्यायला उठली. ती आत गेली ती येईचना.

"पेटीसंग गोठी करून राह्यली का व आत्याबाई?" रांगेतली एक म्हातारी ओरडली, आणि बायका हसल्या.

"डोये अधू झाले माय," आत्याबाई बाहेर येत म्हणाली. "शिडी दिसेच ना."

त्यानंतर मी आत जाऊन पाहिलं. मामाच्या पेटीवर हळदकुंकू होतं, तांदूळ होते, दोन झेंडूची फुलं होती. कागद एकही नव्हता. मला बरं वाटलं.

दुपारी मी पुन्हा आत गेले. तराजूच्या पेटीवर नऊ कागद ठेवलेले. नीट, एकावर एक, वर तांदूळ. बायकांनी मामाचं अक्षरशः ऐकलं होतं. खळ्यावर वाहिलेलं वरच ठेवतात, तराजूच्या आत कोणी कोंबत नाही. त्यांच्या हिशेबाने मत देऊन झालं होतं. बाजूच्या शिडीच्या पेटीवरही तीन कागद होते. एकीने केलं म्हणून दुसरीने केलं असावं. सायकलवर काही नव्हतं.

अधिकारी बाहेर रांगेतलं भांडण सोडवत होते. मी पडद्याआड एकटी. म्हाताऱ्या बायका उन्हातून चालत आल्या, त्यांचं मत वाया जाऊ नये, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. मला मामाच दिसला, सायकलीवर, घामाने भिजलेला. मी नऊच्या नऊ कागद त्याच्या पेटीच्या फटीतून आत ढकलले. ओल्या हळदीने ते बोटांना चिकटत होते. मग शिडीवरचे तीन उचलले, पदराने पुसले आणि बाहेर येऊन अधिकाऱ्यांच्या हाती दिले.

"शाबाश," ते म्हणाले, आणि तिन्ही रद्द केले.

मी जागेवर येऊन बसले. आत्याबाई पान लावत होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

"मास्तरीनबाई, हात पिवये झाले का व? लगन कवा लागलं?"

मी हात पदराखाली घेतले. तिने पान तोंडात घातलं. संध्याकाळी पेट्यांना सील लागेपर्यंत तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होते, आता ती उठेल, आता सांगेल. नावं वाचताना दोनदा ओळ चुकले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तबीयत ठीक है?" मी म्हटलं, ऊन लागलं.

घरी येऊन राखेने, चिंचेने हात घासले. नखं पिवळीच. आईने विचारलं तर हळद दळली म्हणाले. घरात दळायला हळकुंड नव्हतं, आणि आईला ते माहीत होतं.

मतमोजणीपर्यंत मला जेवण गेलं नाही. पेटी उघडली की नऊ पिवळे कागद निघतील. सगळेच विचारतील, आत बाई कोण होती? मग कोणीतरी म्हणेल, तिचा मामा कोण? दारावर सायकल थांबली की शाळेचा चपराशीच आला असं वाटे. एकदा खरंच आला. मोठ्या बाईंनी हजेरीपुस्तक मागवलं होतं, एवढंच. तो गेल्यावर मी मोरीत जाऊन बसले.

कोणी काही विचारलं नाही. पिवळे कागद कितीतरी पेट्यांत निघाले म्हणे. मालगुजार भरपूर मतांनी निवडून आले, मामा तिसरा. तो आमच्याकडे आला, ओसरीवर बसला.

"त्या गावात तर मले लई कमी पडले," तो म्हणाला. "बायाईनं सबद देल्ला होता व. काहून असं झालं असंन?"

मी चहा ठेवायला उठले.

मालगुजार आमदार झाले म्हणजे आत्याबाईचा एक शब्द पुरला असता. मी त्या शब्दाची वाट पाहत राहिले. बाजारात, रामनवमीला, दवाखान्यात ती भेटे, आणि दर वेळी एकच विचारी, "हात धुतले का बाई?" लोक हसत, माझ्याही चेहऱ्यावर हसू आणावं लागे. तिने कधी कुणाच्या पोरीला पास करायला सांगितलं नाही, कसलं काम सांगितलं नाही. मागितलं असतं तर मी दिलं असतं आणि सुटले असते. माझी नोकरी पक्की झाली त्या दिवशीही मला पहिली तीच आठवली.

पुढची निवडणूक आली तेव्हा रीत बदलली होती. एकाच कागदावर सगळी चिन्हं, शिक्का मारायचा, घडी घालायची, आणि सगळ्यांची मिळून एकच पेटी, तीही सर्वांच्या समोर टेबलावर. मामा उभा नव्हता. नातेवाईक विचारले तेव्हा मी मोठ्याने नाही म्हणाले. केंद्र मात्र तेच पडलं, तीच खोली. आत शिरले तर आत्याबाई बसलेली, थोडी वाळलेली, डबा मांडीवर.

दुपारी रांग विरळ झाली. अधिकारी जेवायला ओट्यावर गेले. आत्याबाई पेटीकडे पाहत हळूच म्हणाली, "बरं झालं व एकच पेटी केली. वर ठेवाची भानगडच नाही."

मी मतदारयादीचं पान उलटलं.

"त्या साली तुह्या मामाच्या पेटीवर सकायी पंधरा-सोळा कागद होते. म्या उचलले आन आमच्या पेटीत टाकले."

मला ते समजायला वेळ लागला. मग सकाळची ती उशीर लावणारी आत्याबाई आठवली, आणि त्यानंतरची फुलं आणि तांदूळ.

"तो माझा मामा आहे हे तुम्हाला..."

"गावाले माहीत होतं."

"मग पाच वर्षं माझ्या हातांचं कशाला विचारत होतात?"

"तू बोलतं का, ते पाहाले," ती म्हणाली. "तू माह्यामागून आत गेलती. तुले फुलं दिसले, कागद नाही दिसले. मले वाटे, पोरगी शिकेल आहे, समजली असंन. भाऊ आमदार झाला होता. तू बोल्ली असती आन त्याची आमदारकी गेली असती तर मले घरात ठेवलं असतं का?"

तिने डबा बंद केला. मला तिचा राग यायला हवा होता. मामाची मतं तिने खाल्ली होती. पण तिची तीन मी खाल्ली होती, आणि तिच्याबद्दल तोंड उघडायचं तर माझंही उघडावं लागलं असतं. तिलाही ते कळत होतं.

इतक्यात एक म्हातारी आली. शिक्का मारून टेबलाशी आली, कमरेची पुडी सोडली, चिमूटभर हळद पेटीवर वाहिली आणि कागद त्यावर ठेवून हात जोडले.

"आत टाका," मी आणि आत्याबाई एकदमच ओरडलो. म्हातारी दचकली. तिने स्वतःच्या हाताने कागद फटीत घातला. आमच्यापैकी कोणीही हात पुढे केला नाही. पूर्ण आत जाईपर्यंत आम्ही दोघी बघत होतो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकींना त्या खोलीत एकटं सोडलं नाही. पाणी प्यायलासुद्धा बरोबर गेलो.