चार नंबरच्या टाकीतला वाळा

"तुमची चार नंबरची टाकी आंधळी झालीय," मोठे साहेब फोनवर कडाडले. "सोमवारी कमिटी येतेय. तोवर सुधारली नाही, तर तुमचं डिझाइन कॅन्सल!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांमागे, मोकळ्या प्लॉटवर मी पाच टाक्यांचा अ‍ॅरे बसवला होता. अवकाशातून प्रचंड ऊर्जेचा कण येतो, वर हवेवर आदळतो आणि खाली जमिनीवर लाखो कणांचा सडा पडतो. तो पकडायला टाक्या लांब लांब ठेवायच्या. आत शुद्ध पाणी आणि गच्च अंधार. कण पाण्यातून गेला की बारीक उजेड चमकतो, तो फोटोट्यूब टिपते. सगळ्या टाक्या एकदम चमकल्या की समजायचं, सडा पडला. त्या डिझाइनमागे माझी तीन वर्षं गेली होती.

चार नंबरचा काउंट, म्हणजे टिपलेल्या चमकांचा आकडा, रोज घसरत होता. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला. फरक शून्य. तेवढ्यात साहेबांनीच शोध लावला, "चार नंबरवरचं, बमरोलीकडचं आकाशच वेगळं असेल. पेपर लिहू या!" मी कपाळावर हात मारला.

शेवटी झाकण उघडलं. आत चहाच्या रंगाचं पाणी, त्यातून उजेड फोटोट्यूबपर्यंत पोचणार कसा; वर तरंगणारी पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी. वास मात्र झकास. वाळा!

किल्ली फक्त वॉचमन सुकलालअप्पांकडे असायची. अप्पा खानदेशातले, साठीचे.

"अप्पा, हे काय?"

"वैशाख शे ना साहेब! मिलचे लोक तहानलेले येतात. खालच्या नळाने पाजतो. पण तुमचं पाणी भलतं फिकं, लोक नावं ठेवायला लागले. म्हणून सुट्टीला लाइट बंद असताना वाळा टाकला."

"अहो, ते मशीन आहे!"

"वैशाखात पाणी कुलपात ठेवलं तर पाप लागतं, साहेब. एका टाकीचं मी निस्तरलं. बाकी चारांचं तुमच्यावर."

मी भडकलोच. मग आठवलं, माझा थर्मास मी घरून आणायचो. प्लॉटवर प्यायच्या पाण्याची सोय मी केलीच नव्हती. लाज वाटली.

टाकी धुतली, भरली, नळाला कुलूप घातलं. गेटपाशी रांजण ठेवला आणि अप्पांनी त्यात नवी पुरचुंडी सोडली.

सोमवारी कमिटी उन्हाने लालबुंद होऊन आली आणि थेट रांजणावर तुटून पडली. अध्यक्षांनी दोन पेले रिचवले.

"वा! कोणाचं डिझाइन?"

मी टाक्यांकडे बोट दाखवलं.

"ते नाही हो. हे पाणी!"

डिझाइन पास झालं. काउंट कोणी विचारलाच नाही. मीटिंगच्या मिनिट्समध्ये एकच सूचना आली: प्रत्येक टाकीशेजारी एक रांजण असावा.

तेव्हापासून अ‍ॅरेचं ड्रॉइंग काढताना मी आधी रांजणाची जागा आखतो. टाक्या मग.