घटाजवळची कात्री

पाऊस परतला की साताऱ्यातल्या आमच्या घरी परेड सुरू होते. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण ते फक्त कागदावर. हाताखाली आता जवान नाहीत, म्हणून झेंडू आहेत. ते एका ओळीत उभे असतात. एखादा वाकला की हे त्याच्यासमोर जाऊन "सीधा!" म्हणतात आणि काठी बांधून त्याला ताठ करतात. गवत दिसलं की उपटायचं, पाचोळा दिसला की पेटवायचा, कुंड्यांना गेरू फासायचा आणि गेटावरच्या बोगनवेलीला असं भादरायचं की ती वेल आहे की दाराची चौकट, हे येणाऱ्याला कळू नये.

मला असली बाग बघवत नाही. यांच्या नोकरीत आमचा सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये झाला. लावलेलं झाड गुडघ्याएवढं होतंय तोवर बदली ठरलेली. हक्काची माती पहिल्यांदा मिळाली ती इथं. तिच्यात बेडूक यावेत, फुलपाखरं यावीत, पाखरांनी खुशाल घाण करावी, एवढीच माझी अपेक्षा. त्यावरून भांडून भांडून शेवटी वाटणी झाली. पुढची बाग यांची आणि मागची, संडासाच्या टाकीजवळची पट्टी माझी. तिथं मी पाचोळा साठवते. तेरडा वाळून बी सांडेपर्यंत काढत नाही. मातीच्या परळात पाखरांना पाणी ठेवते. अळ्यांना कढीपत्ता खाऊ देते आणि यांना बिनकढीपत्त्याची आमटी वाढते. त्या पट्टीला हे 'दुश्मन का इलाका' म्हणतात.

यंदा घोटाळा असा झाला की मुनिया पाखरांनी एवढा माझा मुलूख सोडून घरटं बांधलं ते यांच्या बोगनवेलीत. घट बसायच्या दिवशी सकाळी तोरण बांधायला मी गेटाशी स्टुलावर चढले, तर वेलीच्या पोटात गवताचा गोळा आणि आतून बारीक चिवचिव. नेमकं तेव्हाच खालून फर्मान आलं, "उद्या ही वेल साफ करतो. दसऱ्याला माणसं येत्यात. दार दिसाय पाहिजे."

सरळ सांगून का टाकलं नाही, असं कुणीही विचारेल. पण मागं एकदा बुलबुलाचं घरटं यांनी 'सुरक्षित ठिकाणी' हलवलं होतं. खोका, खाली कापूस, वर छप्पर, सगळा बंदोबस्त चोख. बुलबुल त्या खोक्याकडं फिरकलेच नाहीत. पिल्लं संध्याकाळपर्यंत ओरडत राहिली आणि मग गप्प झाली. "आपण आपलं काम केलं," असं म्हणून हे जेवायला बसले. मला घास गेला नाही. यांच्या मदतीची मला तेव्हापासून कात्रीपेक्षा जास्त भीती वाटते.

खंडेनवमीला आपल्याकडं विळ्या-खुरप्यापासून मोटरसायकलपर्यंत सगळ्यांची पूजा होते आणि पूजेला बसलेल्या हत्याराला कुणी हात लावत नाही. मी ती नवमी ओढून थेट घटस्थापनेवर आणली. छाटणीची कात्री धुतली, तिला हळदकुंकू लावलं आणि घटाशेजारी पाटावर मांडली. संशय नको म्हणून सोबत विळा आणि खुरपंही बसवलं.

"हे काय नवीन?" यांनी विचारलं.

"माझ्या माहेरची रीत. हत्यारं घटाबरोबर बसतात आणि घटाबरोबरच उठतात."

"इतक्या वर्षांत कवा दिसली न्हाई ही रीत."

"क्वार्टरमध्ये कुठली हत्यारं होती आपली? तुमची बंदूक बसवायची होती का घटाशेजारी?"

पण फौजी माणूस खबर पक्की केल्याशिवाय राहत नाही. यांनी कवठे महांकाळला माझ्या भावाला फोन लावला आणि तोही स्पीकरवर. माझं धाबं दणाणलं. लहानपणी आईपुढं माझ्याविरुद्ध साक्ष देणं हा या भावाचा मुख्य धंदा होता. पण तो म्हणाला, "व्हय दाजी, आमच्यात तसंच असतंय. लय कडक असतंय. हात लावू नगा, देवी कोपती." त्या एका वाक्यासाठी मी त्याला लहानपणाच्या सगळ्या चुगल्या माफ केल्या. देवीच्या नावानं खोटं बोलले याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. तिलाही लेकरांची किंमत असेलच की.

मग मी रोज तोरण सारखं करायच्या निमित्तानं स्टुलावर चढून आत डोकावायची. पिल्लांना पिसं फुटत होती. हे येता-जाता वेलीकडं न्हाव्यासारखं बघत होते.

दसऱ्याला घट उठले, पण पिल्लं काही उडाली नव्हती. "आमच्याकडं कोजागरीपर्यंत..." असं मी सुरू करून बघितलं.

"लावू का फोन तुझ्या भावाला?"

रोज रोज नशीब कुठून आणायचं? हे कात्री घेऊन निघाले. आता सांगायचंच, असं ठरवून मी मागोमाग धावले. तोंड उघडणार, तोच हे थबकले. "बघ, बघ!" बोगनवेलीवर भारद्वाज बसला होता. भारद्वाज दिसला की आमच्या भागात माणसं गाडी थांबवून हात जोडतात, आणि हा तर दसऱ्याच्या सकाळी दारात आलेला. यांनी कात्री काखेत मारली, हात जोडले आणि डोळे मिटले.

तो पक्षी माझ्या ओळखीचा होता. माझ्याच पाचोळ्यातल्या गोगलगाई खाऊन माजलेला. त्यानं वेलीत डोकं खुपसलं आणि घरट्यातून एक पिल्लू ओढून काढलं.

"अहो, पिल्लू नेलं त्यानं!" मी किंचाळले.

यांनी डोळे उघडले. "घरटं हाय आत?"

"आहे! अजून आहेत आत!"

पुढच्या क्षणी यांच्या पायातली चप्पल हवेत होती. संध्याकाळची वाट न बघता आपट्याची पानं घेऊन शेजारी नेमके गेटातून आत येत होते, ती त्यांच्या टोपीवरून गेली. भारद्वाज पिल्लू चोचीत घेऊनच उडाला.

"आवं सुभेदार, भारद्वाज हाय त्यो!" शेजारी कळवळले. "शुभ असतोय!"

"असंल शुभ! माझ्या दारात पोरं खातोय!" आणि यांनी दुसरी चप्पल काढली.

पाखरांना बाग मोकळी केल्यावर कोण कुणाला खाईल हे मी ठरवायचं नसतं, एवढं मला कळतं. तरी त्या दिवशी तो मेला तांबड्या डोळ्यांचा मरावा, असं मला मनापासून वाटलं आणि मी तसं मोठ्यानं बोललेही.

शेजारी सोनं देऊन घाईघाईनं गेल्यावर हे कात्रीकडं बघत राहिले. "म्हंजे ती घटाची रीत..."

"नव्हती."

"तुझा भाऊ बी सामील?"

"हो."

"मला सांगायचं हुतंस," म्हणाले. मी बुलबुलांचं नाव काढलं नाही, पण त्यांना ते आठवलं असावं.

त्या दिवसापासून गेटाजवळ खुर्ची आली. ऑक्टोबरच्या चटक्यात डोक्याला पंचा गुंडाळून आणि हातात काठी घेऊन हे पहाऱ्याला बसू लागले. चहा तिथं, पेपर तिथं. गुलाबाची छाटणी राहिली, गवत वाढलं, झेंडू खुशाल वाकले, पण एकालाही "सीधा!" ऐकू आलं नाही. मुनिया दाणा घेऊन आल्या की हे श्वास रोखून बसत. शुभ पक्ष्याला हाकलणारा माणूस म्हणून कॉलनीत नाव झालं, त्याचीही यांनी पर्वा केली नाही.

एका सकाळी हे स्वयंपाकघरात आले आणि काठी भिंतीला टेकवून उभे राहिले.

"गेली," म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. मी पेपर घ्यायला वळलो, तेवढ्यात. सांगून तरी जायचं!"

मला हसू फुटलं, पण यांचा चेहरा बघून मी ते आवरलं. यांचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला त्या क्षणाइतका कधीच आवडला नव्हता. मी चहा गाळून यांच्या हातात दिला.

"आता वेल कापायची ना?" मी विचारलं. "कात्री देऊ काढून?"

हे खिडकीतून गेटाकडं बघत होते.

"थांब जरा," म्हणाले. "परत आली तर?"