काळ्या मातीतली कुस्ती

"पाय मांगं घे! ए बाई, पाय मांगं घे म्हणतो ना! माती बाटते!"

दंगल कमिटीचे अध्यक्ष असे ओरडले, की कोर्टात कधी त्या आवाजात बोलले असते तर एखादा खटला जिंकले असते. अमरावतीचे नावाजलेले वकील होते ते. एरवी पुण्याला शिकून आल्यासारखं शुद्ध बोलत, पण घाबरले की पोटातली वऱ्हाडी वर येई. त्या दुपारी ती पार ओठांपर्यंत आली होती. कारण तालमीच्या हौद्याच्या काठावर एका बाईनं चपला काढून उजवा पाय तांबड्या मातीवर धरला होता. ठेवला नव्हता, नुसता धरला होता.

"मंग कुस्ती कुठं खेळू, वकीलसाहेब?" बाईनं पाय मागे घेत विचारलं. "तुमच्या टेबलावर?"

ही गुलाबी हँडबिलावरची 'काबूलची वाघीण'. तिचं काबूल परतवाड्याच्या अलीकडे होतं. तिथल्या बाजारात तिच्या मामाशी मी स्वतः वांग्यांवरून भांडलो आहे. आमचा फुलांचा मळा. दंगलीचे हार आमच्या घरून जात, म्हणून त्या काळातली एकूण एक दंगल मी फुकटात, अगदी पुढे बसून पाहिली आहे. ज्या पाहिल्या नाहीत, त्याही तितक्याच बारकाईनं सांगू शकतो.

बाईला गावोगाव फिरवणारा एक ठेकेदार होता. त्याची रीत ठरलेली. गावात आली की तिनं आधी दोन-चार लुकडी पोरं आपटायची, आणि शेवटी गावच्या लाडक्या पहेलवानापुढं आपणहून आडवं व्हायचं. गावाची मिशी वर राही आणि तंबू भरे. आदल्या आठवड्यात ती अकोल्याला अशीच पडली. तिथला पहेलवान तिच्या अंगावर इतका सावकाश कलंडला, जसा जेवून उठलेला शेठजी गादीवर कलंडतो. लोकांना कळलं. "नूरा! नूरा!" म्हणजे ठरवून खेळलेली कुस्ती, असा गिल्ला झाला आणि दगड सुटले. पहेलवानावर? छे हो! पहेलवान गावचा होता. दगड बाईला. आमच्याकडे आली तेव्हा भुवईवरची खोक अजून ओली होती.

म्हणून ती ठेकेदाराला माझ्यादेखत म्हणाली, "शेठ, इथं म्या पडत नाही. खरी खेळतो. बाई जिंकली, हे पंचाच्या तोंडून एक डाव ऐकाचं हाय मले."

शेठ सोन्याचे दात दाखवून हसला. "पंच काय तुया मामाचे हायत?"

पंच कोणाचे होते ते मला आधीच ठाऊक होतं. कमिटीनं माझ्याकडून हार मागवला होता एकच, तोही आमच्या पहेलवानाची मान मोजून. "अन् बाई जिंकली तं?" मी विचारलं, तेव्हा कमिटीचे लोक पोट धरून हसले. माणसं अशी हसली की त्यांच्याविषयी मला फार काळजी वाटत नाही. ती सुधारण्यापलीकडची असतात.

आता पेच असा, की तिकिटं खपलेली, डिप्टी कमिशनर साहेबाची मडम यायची, आणि तालमीतला मारुती ब्रह्मचारी. बाईचा पाय लागला तर त्याचं काय होईल या धास्तीनं कमिटी गार पडली. डोंगर उचलणाऱ्या देवाला हे लोक किती कच्चा समजत होते, ते त्यालाच माहीत. शेवटी एका मालदार मेंबरांनी तोड काढली. शेजारच्या कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला होता, आवार मोकळं होतं. तिथं निराळा खड्डा खणू आणि त्यात माझ्या वावरातली काळी माती भरू! चारशे एकरांचे धनी, पण वावर त्यांनी पाहिलं असेल ते छकड्यातून. गाड्यांवर गाड्या माती आली. चैत्राचं ऊन, धूळ उडून मडमेचा झगा मळेल म्हणून वकीलसाहेबांनी वरून पखालीच्या पखाली पाणी ओतवलं.

वऱ्हाडची काळी माती भिजली की काय करते, हे इथल्या बकरीलाही ठाऊक असतं. खरोखरच एक बकरी तिकडं भटकली, तिला उपसायला चार हमाल लागले. एवढं बघूनही कमिटीतल्या एकाच्या डोक्यात उजेड पडला नाही.

आमचा पहेलवान म्हणजे अडीच माणसांचा ऐवज. त्याच्या खुराकापायी बडनेऱ्यापर्यंतची वासरं उपाशी राहत. त्यानं शड्डू ठोकला तेव्हा जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती चांदूरला जाऊन बसली असावीत. डरकाळी फोडून तो धावला आणि तिसऱ्या पावलाला पोटरीपर्यंत रुतला. एक पाय काढायला गेला, तर दुसरा गुडघ्यापर्यंत. बाई काठाकाठानं, धानाची रोवणी करणाऱ्या बाया चालतात तशी हलक्या पायानं त्याच्यामागं गेली. कमरेला मिठी घातली. मातीनं त्याचे पाय सोडले तेव्हा बूच उपटल्यासारखा असा आवाज झाला की मडमेनं कानांवर हात ठेवले. आणि पहेलवान उताणा! खांदे, पाठ, सगळं टेकलेलं. असं चीत झालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

बाई उभी राहिली आणि तिनं पंचांकडे पाहिलं.

तिघं पंच डोक्याला डोकं लावून बसले. मग निकाल सांगायला वकीलसाहेब उठले. आता भीती गेली होती, भाषा शुद्ध झाली होती. "मंडळी, शास्त्राप्रमाणे कुस्ती ही तालमीच्या तांबड्या मातीतच होते. ही काळी माती. सबब आज येथे कुस्ती झालेलीच नाही. जय-पराजयाचा प्रश्नच उद्भवत नाही."

ज्यानं तिला तांबड्या मातीवरून हाकललं, तोच हा! जीभ अडखळली नाही की डोळा लवला नाही. मी आयुष्यात गुंड पाहिले, दारूवाले पाहिले, एकदा मेळघाटात वाघही पाहिला. इतका निगरगट्ट प्राणी दुसरा नाही. आणि लोक? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मघाशी ज्यांनी श्वास रोखले होते, त्यांनीच.

वर कहर म्हणजे, न झालेल्या कुस्तीबद्दल पहेलवानाच्या गळ्यात हार घालून त्याला छकड्यातून मिरवलं. पुढून मोगरा, मागून मानेपासून ढुंगणापर्यंत काळा चिखल. ती माती घासूनही लवकर जात नाही. सबंध राजकमल चौकानं ती पाठ पाहिली आणि जयजयकार केला.

बाई जिनिंगच्या ओट्यावर बसून काडीनं पोटरीची माती खरवडत होती. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "बाई, या लोकायच्या तोंडात किडे पडतील! म्या पाहिलं ना सारं. गावोगाव सांगतो. धारणीपर्यंत सांगतो, का बाई जिंकली!"

तिनं काडी फेकली आणि चपला पायात सरकवल्या.

"उद्या धामणगावले हाय," ती म्हणाली. "तिथं पडाचं हाय."