यंदा मोह फुलला नाही

दसरू उसेंडीच्या गळ्यात शिट्टी आली तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. या वयात माणसाच्या गळ्यात नवीन काही येत नाही, आलाच तर खोकला. पण धानोऱ्याच्या कडेला पार्क झालं, त्याला फाटक बसलं, आणि फाटकाला चौकीदार हवा म्हणून वनखात्याच्या गुणवंतराव साहेबांनी दसरूला खाकी सदरा दिला नि शिट्टी दिली. पहिले आठ दिवस तो कारण नसतानाही ती वाजवायचा. कुत्रं शिरलं की वाजव, पोरं भांडली की वाजव, कोणीच आलं नाही तरी एकदा वाजवून बघ. त्याची बायको बायना म्हणायची, "झोपेत बी वाजवसान तुमी एखांद्या दिवशी."

ही चौकीदारी त्याला उगीच मिळाली नव्हती. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात साहेबांच्या डोक्यात पार्क आलं. गावच्या पोरांना खेळायला मैदान, बाबूलोकांना सकाळी फिरायला जंगलातून पायवाटा. मैदान कागदावर आखता येतं. पायवाट येत नाही. तीन दिवस टेप घेऊन फिरल्यावर साहेबांनी दसरूला बोलावलं. दसरू नुसता पुढे चालत सुटला आणि मागून दोन मजूर चुन्याची रेघ ओढत गेले. वाट वारुळाला वळसा घालून गेली, टेंभुर्णीच्या सावलीत जरा रेंगाळली आणि तळ्याच्या काठी जाऊन टेकली. "अरे, ही सरळ का नाही?" साहेबांनी विचारलं. "सरळ वाटेनं मानूस थकते, सायेब," दसरू म्हणाला. साहेब हसले आणि वाट तशीच राहिली. आजही तहसीलचे बाबू त्या वाटेनं पोट आत ओढून चालतात आणि घामाघूम होऊन घरी जाऊन भजी खातात.

अडचण आली ती मैदानाची. सपाट जागा एकच होती, तिच्या डाव्या अंगाला एक मोहाचं झाड, उजव्या अंगाला दुसरं. कबड्डीचं मैदान नि व्हॉलीबॉलचं जाळं दोन्ही बसवायचं तर एक झाड जाणार होतं. डावीकडचं गावातल्या पोचूचं होतं. उजवीकडचं होतं बुधरीचं, म्हणजे दसरूच्या थोरल्या बहिणीचं.

आता जंगलातलं मोहाचं झाड सरकारी कागदावर कोणाचंच नसतं, पण कोणतं कोणाचं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फागुन लागला की ज्यानं त्यानं आपल्या झाडाखालचा पाला झाडायचा, आणि त्या झाडलेल्या जागेत दुसरा माणूस फुलासाठी वाकत नाही. दसरूच्या बापानं बुधरीला लग्नात ना भांडं दिलं ना दागिना. द्यायला होतंच काय? त्यानं हे झाड दिलं. "याची फुलं तुही. दरसाल येचाले येजो," एवढं बोलला आणि तिला दहा कोसांवरच्या हेटीटोल्याला पाठवून दिलं.

या बहिणीनं दसरूला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि बुधरी जेमतेम आठ वर्षांची. ती त्याच झाडाच्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्याला निजवायची आणि खाली बसून फुलं वेचायची. झोळीच्या दोरानं फांदीला खाच पडली होती. दसरूला स्वतःची पोरं झाली तरी बुधरी ती खाच त्यांना बोट दाखवून सांगायची, "तुमचा बाप इथी लोंबे."

लग्नानंतर ती दर फागुनात आली. पंधरा दिवस राहायची. पहाटे झाडाखाली, दिवसभर अंगणात फुलं वाळवत, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. बायनाच्या भाजीत मीठ कमी, पोरं वाळली, छपराचे फुटके कवेलू बदलायला झाले. बायनाशी तिचं दिवसातून एकदा तरी वाजायचं आणि संध्याकाळी दोघी एका ताटात जेवायच्या. तिला बोलावणं कधी धाडावं लागलं नाही. झाड फुललं की ती यायची, भावानं फक्त दार उघडं ठेवायचं. फुकटात मिळालेल्या गोष्टीची किंमत दसरूनं कधी केली नाही. आपण तरी कुठे करतो?

तर मैदान आखायच्या दिवशी पोचू तीन पोरांना घेऊन आला आणि झाडाला मिठी मारून बोंबलायला लागला. बुधरी दहा कोसांवर होती, तिला कोण सांगणार आणि ती कधी येणार? साहेब वैतागले. "दसरू, तूच सांग, कोणतं काढायचं." सगळ्यांच्या नजरा दसरूवर वळल्या. मैदान डावीकडे सरकवा म्हणावं, तर उद्या गाव म्हणणार, यानं आपल्या घरचं झाड राखलं. दसरूला तेवढं एक बोलणं सोसवणारं नव्हतं. तो म्हणाला, "उजवीकडलं काढा." इतकंच नाही, चुन्याचा पट्टा त्यानं स्वतःच्या हातानं त्या खोडावर ओढला. लोक म्हणाले, दसरू मोठा न्यायाचा माणूस. त्याची छाती फुगली. न्यायच करायचा होता तर स्वतःच्या झाडावर करायचा होता. बहिणीचं झाड देऊन मोठेपणा घेणं म्हणजे दुसऱ्याच्या कोठीतलं धान वाढून दाता म्हणवून घेणं. पण हे त्याला त्या दिवशी सुचलं नाही. पावसाआधी मैदान तयार झालं आणि पावसानंतर शिट्टी आली.

पुढच्या फागुनात हेटीटोल्याचा चैतू आठवडी बाजारात भेटला. "बुधरीबाईनं इचारलं," तो म्हणाला, "झाड कसं हाये? फुललं का?"

दसरूनं सांगायचं ठरवलं होतं. झाड गेलं, मैदानात गेलं, माझ्याच हातानं गेलं. पण बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, असं काही बोलायला तोंड उघडेना. "यंदा मोह फुलला नाई म्हना," तो म्हणाला. "आभाळ आलं होतं. उगाच कशाले दहा कोस चालते बाई."

चैतूनं त्याच्याकडे जरा बघितलं, मान हलवली आणि निघून गेला.

एकदा खोटं बोललं की पुढल्या साली खरं बोलणं आणखी जड जातं. दुसऱ्या फागुनात चैतू परत आला, तोच प्रश्न. दसरूचं तेच उत्तर, या वेळी आभाळाऐवजी वारा. तिसऱ्या फागुनात दसरू चैतूला चुकवून मिठाच्या दुकानामागे उभा राहिला, तर चैतू तिथं मीठच घ्यायला आला. "फुललं का?" "नाई फुललं." घरी बायना विचारी, "बाई आली नाई यंदा बी?" "घरी काम असन तिले," तो म्हणे. ते पंधरा दिवस घर मुकं असायचं. भाजीत मीठ कमी आहे हे कोणी सांगायचं नाही आणि दसरू तशीच गिळायचा.

सत्याऐंशीच्या फागुनात चैतूनं प्रश्न विचारला नाही. निरोप दिला, "बाई बुधवारी येऊन राह्यली. म्हने, तीन साल झाड फुलत नाई म्हनजे कायतरी चुकलं हाये. कोंबडा घेऊन येते, झाडाले मनवाले."

बुधवारी बायनानं सकाळपासून तांदूळ निवडले, शेजारून झिंगे मागून आणले. बाईला झिंगे आवडतात. दसरू फाटकाशी उभा होता. आज सांगायचं, बस थांबली की पहिलं वाक्य तेच, असं त्यानं घोकून ठेवलं होतं. दुपारची बस फाटकासमोर थांबली. बुधरी उतरली, पाठीत वाकलेली, हातात टोपली, टोपलीतून लाल तुरा बाहेर. तिनं दसरूच्या खाकी सदऱ्यावरून हात फिरवला. "बापा, दसरू! सायेब झाला तू तं!" आणि खळखळून हसली. दोघं आपसात गोंडीत बोलायची, इथं आपल्या समजुतीसाठी झाडीबोलीत सांगतोय. गोंडी काय नि मराठी काय, घोकलेलं वाक्य त्याच्या कुठल्याच भाषेत तोंडाबाहेर आलं नाही.

"घरी मंग जाऊ," बुधरी म्हणाली. "पयले झाड दाखव."

तो तिला मैदानावरून घेऊन गेला. दुसरी वाट नव्हती. उजव्या कोपऱ्यात, कबड्डीच्या आखणीवर ती थांबली. "इथी काय खेलते?"

"कबड्डी."

"हं." ती तिथं उभीच राहिली. पायानं माती थोडी उकरली. दसरूला वाटलं, थकली. "चाल ना, बाई," तो म्हणाला.

आणि तिला घेऊन तो पोचूच्या झाडाखाली गेला.

हे करायचं त्यानं ठरवलं नव्हतं, पाय गेले. झाड भरात होतं. खाली फुलांचा सडा, नाकात गोड वास. "यंदा फुललं पाह्य," त्यानं स्वतःलाच बोलताना ऐकलं. "तीन सालानं फुललं. तू येनार म्हनून."

बुधरीनं खोडावर हात ठेवला. वर पाहिलं, खालच्या फांद्या पाहिल्या. मग चिमूटभर तांदूळ काढले, मुळाशी ठेवले, पदर सावरून वाकली. दसरू इकडं तिकडं बघत होता. पोचू आला तर? साहेब आले तर? कोंबडा इथंच कापला तर? पण तिनं कोंबड्याला हात लावला नाही. "पोरं खेलते इथी. रगत नोको," म्हणाली. एक फूल उचललं, तोंडात टाकलं, हळूहळू चावलं.

"गोड हाये?" दसरूनं विचारलं.

"गोड हाये," ती म्हणाली. मग उन्हाकडे बघून म्हणाली, "साडेचारची गाडी हाये ना? तिनंच जाते मी."

दसरूला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं. हे त्यानं पुढे कोणालाच सांगितलं नाही, पण ते त्याला आयुष्यभर विसरता आलं नाही.

फाटकाबाहेर पळसाच्या सावलीत दोघं बसली. बुधरीनं टोपली मांडीवर घेतली.

"दसरू, ते पोचूचं झाड होतं."

त्यानं मान खाली घातली.

"फूल फिक्कं होतं. पोचूच्या झाडाची फुलं फिक्कीच. लहानपनी चोरून चाखली हाये मी. आन माहं झाड तिथी, तुमच्या कबड्डीच्या कोपऱ्यात होतं. चैतूनं मले पयल्याच साली सांगतलं."

"पयल्याच साली?" दसरूनं मान वर केली. "मंग दरसाल काऊन इचारे तू, फुललं का म्हनून?"

"तू कवातरी म्हनशीन म्हनून," बुधरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "'बाई, झाड नाई राह्यलं, पन तू ये,' येवढंच. झाडाचं काय घेऊन बसला? मोह हेटीटोल्यात बी लय हाये. दहा कोस मी फुलांसाठी येत होती का रे? तीन साल वाट पायली. या साली म्हनलं, आपूनच जाव. तोंडापुढं तरी म्हनते का पाह्यते."

धूळ उडवत बस आली. बुधरी उठली, टोपलीतून कोंबडा काढून दसरूच्या हातात दिला. "बायनाले देजो. झाडासाठी नोता आनला. भावाच्या घरी रिकाम्या हातानं कसं याव, म्हनून आनला."

दसरूनं तिला हात धरून बसमध्ये चढवलं. ती खिडकीशी बसली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि बस निघेपर्यंत पाहतच राहिली. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "सांभाळून जाजो, बाई."

तिनं मान हलवली. बस गेली.

घर हाकेच्या अंतरावर होतं. दसरू कोंबडा काखेत धरून चालत आला. अंगण सारवलेलं होतं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर धुतलेली गोधडी. झिंग्यांचा वास दारापर्यंत येत होता. बायना हात पुसत बाहेर आली, त्याच्या मागे बघायला लागली.

"बाई कुठी?"

"गेली. साडेचारच्या गाडीनं."

"गेली? घरी न येता?" बायनानं त्याच्याकडे, मग कोंबड्याकडे पाहिलं. "तुमी राहा म्हनलं का नाई तिले?"

दसरूला तेव्हा उमगलं की आजही त्यानं ते म्हटलं नव्हतं. तो मागे वळला आणि रस्त्याकडे धावला. रस्ता रिकामा होता. गळ्यातली शिट्टी छातीवर आपटत होती आणि काखेतला कोंबडा ओरडत होता.