ठकूबाईची घोडबैठक

शिनोलीच्या ठकूबाईला कुंग-फू शिकायचं नव्हतं. ती लेकीच्या सोबतीला जायची, एवढंच.

लेक अश्विनी घोडेगावला अकरावीत होती. साल सत्त्याण्णव. स्टँडवर काही पोरं रोज मोटारसायकल आडवी घालायची आणि मुलींच्या ओढण्या ओढायची. त्याच सुमारास चिमाजी मास्तरांनी गावाबाहेरच्या आपल्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये क्लास काढला. मास्तर फौजेतून निवृत्त झालेले. कलकत्त्याला पोस्टिंग असताना जोडे शिवणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्याकडून ते ही विद्या शिकले होते. अश्विनीने घरी विषय काढला तेव्हा वडील सावळाराम जेवत होते.

"शिकू दे," ते म्हणाले. "पण एकटीनं जायचं न्हाई. आईला घेऊन जा."

म्हणून ठकूबाई जाऊ लागली. दर रविवारी शेडच्या भिंतीला टेकून बसायची आणि शेंगा फोडायची. तेव्हा तिचं वय पंचेचाळिशीच्या आसपास असेल. वर्षानुवर्षं वाकून भातरोपांची आवणी केल्याने कंबर धरलेली. उठताना आधी हात टेकवावे लागत. एका रविवारी ते मास्तरांच्या नजरेला पडलं.

"बाई, बसून कंबर आणखी धरंल. उभ्या ऱ्हा पोरींच्या मागं."

"मी काय करू त्यात?"

"काय करू नका. नुसत्या उभ्या ऱ्हा."

ते नुसतं उभं राहणं म्हणजे घोडबैठक. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवायचे, गुडघे थोडे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची आणि श्वास पोटापर्यंत न्यायचा. ठकूबाईच्या मांड्या थरथरायला लागल्या. पण नऊवारीचा कासोटा घातलेला असल्यामुळे पायांना अडचण नव्हती, उलट पोरींच्याच ओढण्या मध्ये येत होत्या. घरी परतताना ती अश्विनीला म्हणाली, "तुझा मास्तर बरा हाय. वरडत न्हाई."

पावसाळा संपेपर्यंत ती हात न टेकता उठू लागली. पुढे मास्तरांनी हात सावकाश फिरवायचे डाव शिकवले आणि मग जोडीचा खेळ. दोघींनी मनगटाला मनगट लावून उभं राहायचं आणि एकमेकींचा तोल घालवायचा. समोरची ढकलायला लागली की अडवायचं नाही. कंबर वळवून तिला वाट द्यायची, म्हणजे ती आपल्याच जोराने पुढे येते. पोरी यात हसत-खिदळत पडायच्या. ठकूबाई सहसा पडत नसे.

गावात चर्चा झालीच. ती सकाळी घरच्या खळ्यावर सराव करायची, तेव्हा तिचे सावकाश फिरणारे हात पाहून कुणी म्हणालं, अंगात येतंय. सावळारामांना ते आवडत नव्हतं. तिला त्यांनी तसं सांगितलं नाही. तिचं सुरू झालं की ते उठून गोठ्यात जायचे.

स्टँडवरच्या पोरांचं काय झालं, तर एकदा अश्विनीने एकाचं मनगट पिरगाळलं आणि तो सगळ्यांदेखत गुडघ्यावर आला. त्यानंतर त्यांनी तिची वाट सोडली. बारावी झाल्यावर तिचं लग्न झालं, ती आळ्याला नांदायला गेली आणि तिचा सराव सुटला. दोन वर्षांनी मास्तर मुलाकडे नाशिकला गेले आणि शेडात पुन्हा कोंबड्या आल्या. ठकूबाईचं मात्र खळ्यावर सुरूच राहिलं.

दोन हजार तीन साली ती नातीला, श्रेयाला, बघायला निघाली होती. आळेफाट्याला उतरून रस्त्याच्या कडेला उभी असताना मोटारसायकलवरून दोघं आले. मागच्याने तिच्या गळ्यातल्या डोरल्याला हात घातला. गाडी थांबली नव्हती, त्यामुळे तीही ओढली गेली. तिचे गुडघे आपोआप वाकले, कंबर वळली, डोरलं तुटलं. गाडी निघून गेली. ठकूबाई होती तिथेच उभी होती. मानेवर ओरखडा होता, त्यातून थोडं रक्त आलं.

संध्याकाळी अश्विनीने विचारलं, "आई, लाथ नाही का घालायची?"

"गाडी पळत व्हती. लाथ घालाया माणूस जवळ तर पायजे."

शिनोलीत लोकांना विषय मिळाला. देवळापुढच्या पारावर सोपान म्हणाला, "काय राव सावळारामभाऊ, एवढी चिनी विद्या शिकून डोरलं गेलंच की."

सावळाराम तंबाखू मळत होते. "डोरलं दुसरं करता येतं," ते म्हणाले. "बाई गाडीखाली गेली असती तर दुसरी कुठून आणू?" मग ते उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात गेले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी तिचे हात फिरताना शेवटपर्यंत पाहिले.

दोन वर्षांनी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. मंचरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जीभ ठीक होती, पण डावा हात आणि पाय लुळे. पायात जोर येईल, रोज उभं करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सावळाराम उभे राहायला तयार नव्हते. दवाखान्यात एकदा ते पडले होते आणि दोन नर्सनी त्यांना उचललं होतं. ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

ठकूबाईने आधी समजावलं, मग सोडून दिलं. एका सकाळी तिने त्यांना खाटेच्या कडेला बसवलं, समोर उभी राहिली आणि त्यांचा उजवा हात आपल्या मनगटावर ठेवला.

"ढकला मला."

"कशाला?"

"आवं, ढकला तर. येत न्हाई का?"

त्यांनी रागाने ढकललं. ती कमरेतून वळली आणि मागे सरकली. सावळारामांचं अंग त्या जोराने पुढे आलं, खाटेवरून उठलं, वजन दोन्ही पायांवर पडलं. तिने दुसऱ्या हाताने काखेत धरलं होतं. डावा पाय थरथरला, पण टेकून राहिला.

"पडलो न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई."

मग रोज तेच. त्यांनी ढकलायचं, तिने वाट द्यायची. एकदा दोघंही पडले. तिच्या कोपराला खोक पडली आणि नंतरचे काही दिवस सावळारामांनी खाट सोडली नाही. तिनेही आग्रह केला नाही. मग एके दिवशी त्यांनीच हात पुढे केला. पुढच्या भातकापणीला ते काठी घेऊन बांधापर्यंत चालत गेले. डावा हात मात्र कायमचा गेला.

शेजारची साळुबाई गुडघेदुखीने बेजार होती. हे सगळं कुंपणापलीकडून पाहत असावी, कारण एक दिवस ती आपणहून आली. ठकूबाईने तिला खळ्यात घोडबैठकीला उभं केलं आणि चुलीवरचं दूध बघायला आत गेली.

ओट्यावरून सावळारामांचा आवाज आला, "साळुबाई, गुडघा पुढं चाललाय तुमचा. मागं घ्या. आन् श्वास पोटात."

साळुबाईने गुडघा मागे घेतला. ठकूबाई आतून म्हणाली, "ऐका त्यांचं. बराबर सांगत्यात."