पश्चिमेची उघडी बाजू

आमच्या बंदराला धक्का नव्हता. पडावातून बोटीपर्यंत जायचं आणि शिडीनं वर चढायचं. ट्रंक ओढून घेतली, मागे वळलो आणि आमची सहाण पहिल्यांदाच बोटीच्या उंचीवरून पाहिली. कट्ट्यावर माझे वडील, आबा, एकटेच बसले होते. निघताना एवढंच म्हणाले होते, "जा. ही बाजू उघडीच हाय."

गावात राहिलेल्यांना सहाण सांगायला नको. माझ्यासारखे जे घाटावर आले, त्यांच्या पोरांसाठी लिहितो. शिमग्याला पालखी बसते तो आमचा चौक. मध्ये जांभ्याचा चौथरा, तीन बाजूंना घरं, चौथी समुद्राकडे मोकळी. तिथे फक्त गुडघाभर उंचीचे कट्टे. जमिनीला उतार, म्हणून पाणी साचत नाही आणि जाळी लवकर सुकतात. आजोबांच्या पिढीनं डोक्यावरून चिरे वाहून हा चौक बांधला आणि तेव्हाच ठरवलं, पश्चिमेला कुणी कूडसुद्धा घालायचा नाही. होड्या बाहेर असल्या की बायका कट्ट्यावर येऊन बसत. शिडं ओळखू आली की मगच चुलीकडे वळत. एकानं तिथे जाळ्यांसाठी खोप घातली, ती गावानं शिमग्याआधी उचलायला लावली.

मी तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, मुलगा आणि वाडीतला पहिला पदवीधर. हे मी मान वर करूनच सांगतो. आकुर्डीला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागलो. पुढे आम्ही कामगारांनी सोसायटी काढली, तेव्हा शिकलेला म्हणून चौक आखायचं काम माझ्याकडे आलं. मी तीन बाजूंना घरं आखली, पश्चिमेला कट्टे ठेवले आणि ती बाजू मोकळी सोडली. हात तसाच गेला. इथे पश्चिमेला माळ, कंपनीचा रस्ता आणि फाउंड्रीची चिमणी आहे, हे मनातच आलं नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर ऊन थेट चुलीपर्यंत येई. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी.

सोपानराव इथल्याच गावचे, आमच्याच कंपनीत. त्यांनी भर चौकात विचारलं, "सायेब, समिंदर कवा येनार हिकडं? आमी कट्ट्यावर बसून वाट बघतूय."

"येईल की भाऊ," मी म्हटलं. "आधी नळाला पाणी येऊ द्या."

सगळे हसले, मीही हसलो. पण सभेत पुरुषभर उंच भिंत घालायची ठरली. विरोधात माझा एकट्याचा हात.

त्याच सुमारास आमच्यातल्या एकाची बोटं प्रेसमध्ये गेली. कंपनीची बस आली, सगळे उतरले, तो उतरला नाही. बायको ताट वाढून घरात बसलेली. तिला कळायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवसापासून बसच्या वेळेला बायका कट्ट्यावर येऊन बसू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या कट्ट्यांवरच गवंड्यानं भिंतीचं काम सुरू केलं. पहिला थर चढला तेव्हा सोपानरावांच्या पारूबाई आणि माझी बायको सुमन पुढे आल्या. पारूबाई म्हणाल्या, "हितंच थांबव. भित वर नेली तर बस कशी दिसायची?"

"आन् ऊन कोन खानार?" सोपानराव ओरडले.

"तुमीच खावा. दिसभर कंपनीत सावलीतच असता की!"

चढलेला थर काढला. ऊन अजून येतं. काजळीही.

आबा इकडे कधी आले नाहीत. "तिकडं मला काय दिसायचं?" म्हणायचे. आता ते नाहीत. प्रवासी बोटीही बंद झाल्या. गावी गेलो की एस.टी. सहाणेच्या पाठीमागे उतरवते. ती बाजू उघडीच आहे, पण कट्ट्यावर आमच्या घरचं कुणी नसतं.

गाव कुठलं विचारलं तर मी अजून बंदराचंच नाव सांगतो. पण घर म्हटलं की आता दुसरंच डोळ्यांपुढे येतं. फर्स्ट शिफ्ट सुटते, अंग आंबलेलं असतं, बसमध्ये डोळा लागतो. शेजारचा हलवतो, "उठा राव, आलं." कट्ट्यावर बायका उभ्या असतात. सुमन लांबचं ओळखायला डोळे बारीक करते. हात जड झालेला असतो, तरी मी तो खिडकीबाहेर काढतो. तो दिसल्यावरच ती घराकडे वळते.