गुलाबभाऊंचं बिनडासांचं अंगण

गुलाबभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरातल्या सदर भागात चष्म्याच्या दुकानात होते. वच्छलावहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई, हे दुपारी झोपले ते उठलेच नाही." मी ऑटोत बसले आणि रस्ताभर डोक्यात एकच वेडगळ विचार... या शनिवारी आपला कूलर घासायचा राहिला, आता भाऊंना काय तोंड दाखवू? शेजाऱ्याचा असाही धाक असतो.

भाऊ एसटीचे ड्रायव्हर. उमरेड-नागपूर फेऱ्या मारण्यात त्यांच्या साऱ्या संध्याकाळी गेल्या. निवृत्त झाले आणि आमच्या लेआउटमध्ये, माझ्या घराला लागूनच राहायला आले. बायकोसोबत रोज संध्याकाळी अंगणात बसून चहा प्यायचा, एवढीच त्यांची हौस होती. पण वहिनींना दमा. डासांची अगरबत्ती लावली की त्यांचा खोकला थांबत नसे, न लावली तर डास फोडून काढत. त्या दार लावून आत बसायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही बसा बाहेर." भाऊ खुर्ची उचलून त्यांच्या मागोमाग आत. "एकट्यानं बसाले मी का चौकीदार आहो?"

हार मानणारा माणूस नव्हे. पारशिवनीकडच्या त्यांच्या गावात गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याची धुरी घालत, म्हणून त्यांनी घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर पाला टाकला. डास गेले, पण धूर खिडकीच्या फटीतून आत शिरला आणि वहिनींची छाती भरून आली. भाऊंनी घमेल्यावर बादली ओतली आणि रात्री जेवले नाहीत. मग कुणीतरी सांगितलं, वासाची झाडं लावा. झालं! अंगणाच्या तिन्ही बाजूंनी गवती चहा, झेंडू आणि तुळशीच्या कुंड्या लागल्या. फरशीवर चिखल झालेला वहिनींना खपत नसे, म्हणून प्रत्येक कुंडीखाली एक बशी. भाऊ इतक्या मायेनं पाणी घालायचे की बशा कायम तुडुंब. दोन आठवड्यांत डास कमी व्हायचे सोडून वाढलेच. आरोग्य केंद्राकडून डासांच्या तपासणीला आलेल्या आशाताईंनी एक बशी उचलली, बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "काका, हे वळवळून राहिलं ते काय आहे? तुम्ही तर डास पाळून राहिले!" आम्ही सगळे हसलो, मी सगळ्यात मोठ्यानं. दुसऱ्याच दिवशी वहिनींना ताप चढला आणि माझं हसू जिरलं. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला नाही. पण रिपोर्ट येईपर्यंत भाऊ नुसते बशा उपड्या करत बसले होते...

आशाताईंनी जाताना एक गोष्ट सांगून ठेवली होती. पाणी नुसतं फेकून भागत नाही, डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, ती घासून काढावी लागतात. भाऊंनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. नळाजवळच्या खिळ्याला नारळाचा काथ्या टांगला आणि दर शनिवारी बशा, पाखरांचं पाणी ठेवायचं भांडं, कूलर, सगळं घासून कोरडं करायला लागले. स्वतःचं आटोपलं की कुंपणापाशी यायचे. "काहून ताई, कूलर घासला का?"

"घासते हो, आधी आंघोळ तर होऊ द्या!"

"डासाले तुमच्या आंघोळीचं काय घेणं?"

आपल्याकडे पोळा झाला तरी कूलर खिडकीतच असतो आणि त्यातल्या पाण्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मीही त्यातलीच. एकदा मी चिडून दार लावून घेतलं, तर हे गृहस्थ माझा कूलर खिडकीबाहेरून उघडून घासून मोकळे! माझा राग खरा होता, पण त्या पावसाळ्यात माझ्याही घरात डास कमी झाले, हेही खरं.

उरलेसुरले डास पळवायची युक्ती त्यांना एसटीनंच शिकवली. गाडी चालू असली की एक डास चावत नसे, स्टँडवर थांबली की पायांची चाळण. म्हणजे वाऱ्यात डासाला उडता येत नाही. त्यांनी जुना टेबलफॅन खाली फरशीवर, पायांकडे तोंड करून ठेवला. त्या संध्याकाळी वहिनी पहिल्यांदा बाहेर येऊन बसल्या. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "बरं वाटते वो." भाऊंचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. पुढची पाच वर्षं ते अंगण रोज भरलेलं होतं. इतकं सुखी जोडपं मी फार पाहिलं नाही.

तेरवीच्या आधीचा शनिवार. भाऊंच्या फोटोपुढे दिवा आणि पाण्याची लोटी होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. वहिनी उठल्या, खिळ्यावरचा काथ्या आणला, लोटीतलं पाणी तुळशीत ओतलं आणि लोटी आतून घासायला लागल्या. त्यांची नणंद कळवळून म्हणाली, "आज राहू दे वं वच्छला, दादाचं पाणी आहे ते."

"म्हणूनच घासून राहिली. शनिवार आहे, त्याइले चाललं असतं का?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निमूटपणे घरी गेले आणि रडत रडत कूलर घासला.

आता सगळे पाहुणे गेलेत. वहिनी आत दार लावून बसतील, याची मला धास्ती होती. काल दिवेलागणीला कुंपणापलीकडे पंख्याची घरघर ऐकू आली. डोकावून पाहिलं, तर वहिनी बाहेर बसलेल्या, समोर चहाचे दोन कप.

"या ना ताई," त्या म्हणाल्या, "एकटीनं बसाले मी का चौकीदार आहो?"